बटणांच्या कारखान्याची सात घरं

मी एक इमारत. तळमजला धरून तीन मजली, विटांची, उत्तरेच्या अंगाला अठरा खिडक्या असलेली. वय विचारलंत तर लपवणार नाही. येत्या हिवाळ्यात मला एकोणनव्वदावं लागेल. माझ्या वयाच्या कितीतरी जणी आता नकाशातसुद्धा उरलेल्या नाहीत. मी मात्र उभी आहे, आणि नुसती उभी नाही, नांदती आहे. हे कसं झालं ते माझ्याच तोंडून ऐका. दुसरं कुणी सांगायला बसलं तर ते माझ्या भेगांपासून सुरुवात करतील.

मला बांधलं ते बटणांच्या कारखान्यासाठी. पहिले मालक फार उतावळे होते. पाया भरून आठ दिवस होत नाहीत तोच ते गवंड्याच्या मागे लागले, "भिंती कधी चढवणार?" गवंडी एका कानानं बहिरा होता आणि सोयीनं दोन्ही कानांनी. त्यानं ओळंबा गुंडाळून खिशात टाकला आणि म्हणाला, "पाया मुरू दे मालक. घाई तुम्हाला आहे, तिला नाही."

माझ्याविषयी कुणी बोललेलं मला आठवतं ते हे पहिलं वाक्य. तो पुरता महिना थांबला. त्याचे उपकार मी अजून फेडतेय.

खिडक्या उत्तरेला का, तर बटणं निवडायला. बटणं तेव्हा शिंपल्यांची असत. भर उन्हात शुभ्र बटण आणि पिवळट बटण सारखंच चमकतं. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. तळमजल्यावर शिंपले कापायची यंत्रं, पहिल्या मजल्यावर भोकं पाडणं आणि घासणं, आणि दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब टेबलांशी बसलेल्या चाळीस बायका. हात बटणांत आणि जीभ जगाच्या पाठीवर. घोरतो म्हणून नवऱ्याला स्वयंपाकघरात झोपवणारी, सासूशी गोड बोलून भांडण कसं जिंकावं याचे धडे देणारी, आणि कुणाचंही गुपित जेवणाच्या सुट्टीपर्यंत नक्की सांभाळणारी. बाहेरून जाणाऱ्यांना यंत्रांचा खडखडाट ऐकू यायचा. मला त्या खडखडाटावरून तरंगत जाणारं हसणं ऐकू यायचं.

पहिल्या मालकांनंतर त्यांचा मुलगा मालक झाला. शिंपल्यांची जागा प्लास्टिकनं घेतली, मग बटणांचीच जागा चेननं घेतली. चाळीस बायकांच्या पंचवीस झाल्या, पंचवीसच्या नऊ. मालक हट्टी होते, शेवटपर्यंत कुलूप लावलं नाही त्यांनी. ते गेले आणि मग कुलूप लागलं.

त्यांच्या मागे दोन मुलं. थोरल्याचं चष्म्यांचं दुकान. धाकटी जनावरांची डॉक्टर, बरीचशी गावोगाव फिरणारी. दोघंही चांगली माणसं. पण चांगल्या माणसांचं भांडण लवकर मिटत नाही, कारण दोघांनाही आपलंच बरोबर आहे याची खात्री असते.

झालं असं, की वडील जाऊन तीन आठवडे होत नाहीत तोच थोरल्यानं यंत्रं भंगारात काढली. धाकटी तेव्हा गुरांच्या साथीमागे कुठल्या कुठे होती. परत आली ती थेट माझ्याकडे. तळमजल्यावर यंत्रांच्या जागी जमिनीत फक्त बोल्टांची भोकं उरली होती. ती त्यांच्यामध्ये उभी राहिली.

"एक फोन नाही केलास तू मला?"

"केला असता तर तू रडली असतीस," थोरला म्हणाला, "आणि मग माझ्याच्यानं झालं नसतं."

ती रडली नाही. निघून गेली. त्यानंतर दोघांमध्ये बोलणं झालं ते फक्त वकिलांच्या पत्रांतून. माझ्या कागदांवर दोघांची नावं. एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याला मला विकता येईना, पाडता येईना, की दुरुस्तही करता येईना.

अशी बारा वर्षं गेली.

माणसं गेली की इमारत लगेच पडत नाही, हे लक्षात ठेवा. आधी पन्हळ तुंबते. माझी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावरची पन्हळ पाल्यानं आणि पिसांनी भरली. पाणी पन्हळीतून जायचं ते भिंतीवरून उतरू लागलं. भिंतीतून ते तुळईच्या टोकाशी पोचलं. पन्हळ साफ करायला एका माणसाला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास बारा वर्षांत कुणाकडे निघाला नाही.

मग चोरांनी नळ नेले, वायरी नेल्या. काचा दगडांनी गेल्या. लोकांची एक गंमत मी पाहिली आहे: एका खिडकीची काच फुटली की चार दिवस हळहळतात, दहा फुटल्या की अकरावी फोडायला त्यांचेच हात शिवशिवतात. हळूहळू माणसं माझ्या बाजूचा फुटपाथ सोडून समोरून जाऊ लागली. समोर एक शिंपी आहे. त्याच्या दुकानाचं भलं झालं, एवढाच काय तो फायदा.

एका सकाळी माझ्या कठड्याच्या दोन विटा सुटल्या. खाली दूधवाल्याची सायकल लावलेली होती. तो नुकताच उतरून दोन पावलं पुढे गेला होता. विटा सायकलीवर पडल्या, चाकाचं पार कडबोळं झालं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण मी तो दिवस विसरलेले नाही. रिकामेपण सोसता येतं. आपल्या हातून कुणाचा जीव जाता जाता राहिला, हे सोसत नाही.

थोरला धावत आला. सायकल पाहिली, वर माझ्याकडे पाहिलं, आणि फुटपाथवरच बसला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेनं माझ्या दारावर लाल पाटी ठोकली: 'धोकादायक इमारत. आत जाऊ नये.' त्याच आठवड्यात त्यानं मला पाडून गाड्यांचा तळ करायचा अर्ज तयार केला आणि सहीसाठी बहिणीकडे पाठवला. तो न उघडताच परत आला.

मी कुणाची, हे विचारायला पहिल्यांदा जी बाई आली, तिला आमच्या गल्लीनं नाव ठेवलं 'कुलूपवाल्या बाई'. नगरपालिकेत रिकाम्या इमारतींचा एक नवा विभाग निघाला होता, त्यात त्या होत्या. काम काय, तर गल्लीगल्लीतून हिंडून बंद इमारती शोधायच्या. त्यांची एक पद्धत होती. त्या खिडक्या बघत नसत, कुलूप बघत. रोज उघडणारं कुलूप हाताच्या घासण्यानं चकाकतं. माझं कुलूप त्यांनी अंगठ्यानं पुसलं, तर अंगठा तांबूस झाला.

"कुणाची ही?" त्यांनी शिंप्याला विचारलं.

"दोघांची आहे," शिंपी दातातली सुई काढत म्हणाला. "म्हणून कुणाचीच नाही."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. जसंच्या तसं.

दहा दिवसांनी त्यांनी थोरल्याला बोलावलं. त्याच दिवशी, त्याच वेळेला धाकटीलाही बोलावलं, आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. सोबत एक वयस्कर इंजिनिअर होते, काडीसारखे सडपातळ. ते शिडी लावून खिडकीतून आधीच वर गेले होते. दारात दोघं समोरासमोर आली. थोरला मागे वळला.

"जायचं तर जा," बाई म्हणाल्या, "फक्त किल्ली देऊन जा. इंजिनिअरसाहेब वर एकटेच आहेत."

"वर? या इमारतीत? पडले-बिडले तर?"

"म्हणून तर म्हणते, थांबा."

तो थांबला. वर माणूस असताना निघून जाणाऱ्यांतला तो नाही, हे बाईंनी कसं ओळखलं कोण जाणे.

इंजिनिअर लहानशा हातोडीनं माझी एकेक भिंत वाजवत होते आणि कान लावून ऐकत होते. मला इतकं लक्ष देऊन फार वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. "भरीव," ते म्हणायचे आणि खडूनं खूण करायचे. "भरीव. हीही भरीव." नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र ते थांबले. तिथे हातभर लांब भेग होती, काडेपेटीतली काडी जाईल एवढी रुंद.

खाली येऊन त्यांनी सांगितलं, "तुळईचं एक टोक कुजलंय, ते बदलता येईल. पाया उत्तम आहे. प्रश्न त्या भेगेचा. ती जुनी आहे की अजून वाढतेय, हे आज मला सांगता येणार नाही."

बाईंनी योजना समजावून सांगितली. दोन वर्षांहून जास्त काळ रिकाम्या पडलेल्या इमारतीची घरं करायची असतील, तर निम्म्याहून जास्त खर्च सरकार देणार. परवानग्याही एकाच खिडकीवर. बदल्यात अटी दोन: काम ठरल्या मुदतीत संपवायचं, आणि घरं दहा वर्षं सरकारनं ठरवलेल्या भाड्यानं, यादीतल्या माणसांना द्यायची.

"सरकारी काम आणि सहा महिने थांब," थोरला म्हणाला.

"अठरा म्हणा," बाई म्हणाल्या. "पण होतं. मी तीन इमारती उभ्या केल्यात, चला दाखवते."

"मला बघायचं नाही." त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तो दूधवाला दोन पावलं मागे असता तर? अजून मी इथून जाताना वर बघतो. मला ही जमीनदोस्त झालेली हवीय, बाई. मला शांत झोप हवीय."

धाकटी इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती वळली. "कोण दूधवाला?"

त्यानं सांगितलं. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

"हे तू मला कधी सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? पत्रसुद्धा उघडलं नाहीस."

ती भावासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "त्याची सायकल?"

"नवी घेऊन दिली."

"एकच?"

"दोन," थोरला ओशाळून म्हणाला. "एक त्याच्या बायकोलाही दिली. तीही दूध घालते."

धाकटी हसली. मनात नसताना हसू फुटतं तसं. बारा वर्षांत माझ्या भिंतींच्या आत हसलेलं ते पहिलं माणूस.

"यंत्रांचं मी विसरलेले नाही," ती म्हणाली.

"विसरू नकोस. पण या इमारतीचं काय ते एकदा ठरव."

इंजिनिअरांनी तोड काढली. त्यांनी भेगेवर आडवी काचेची एक पातळ पट्टी ठेवली, तिची दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली आणि वर तारीख लिहिली. "तीन महिने. भेग केसभर जरी हलली तरी ही काच फुटेल. फुटली तर पाडायचा अहवाल मीच देईन. नाही फुटली तर भेग निजलेली आहे, खुशाल घरं करा."

भावंडांनी तिथल्या तिथे ठरवलं. काच फुटली तर दोघांची सही पाडण्याच्या अर्जावर. नाही फुटली तर दोघांची सही योजनेच्या अर्जावर. माझ्या जन्ममरणाचा निवाडा वीतभर काचेवर आला.

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. नाही. माझा पाया मला ठाऊक होता. काळजी होती ती माणसांची. माणसांचं मन काचेहून लवकर तडकतं.

थोरला रोज दुकान उघडायच्या आधी येऊन काच बघून जाई. चष्मेवाला तो, खिशातलं भिंग काढून टोकापासून टोकापर्यंत तपासायचा. धाकटी रविवारी यायची, बॅटरी घेऊन. सुरुवातीला ती त्याची वेळ टाळून यायची. दुसऱ्या महिन्यात ती त्याच्याच वेळेला येऊ लागली.

आणि शेवटच्या आठवड्यात नगरपालिकेनंच माझ्यासमोरचा रस्ता फोडायला काढला. पाण्याची मोठी पाइप टाकायची होती. दगड फोडायचं यंत्र सुरू झालं आणि माझ्या उरल्यासुरल्या काचा खळाखळा गळाल्या. शिंप्याच्या दुकानातल्या कात्र्या खिळ्यांवर नाचायला लागल्या. थोरला दुकान तसंच टाकून आला. लाल पाटी ओलांडून वर चढला आणि त्या कोपऱ्यात, भेगेपुढे, यंत्र थांबेपर्यंत उभा राहिला. बाहेर यायला शिंप्यानं तीन हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाही. मला पाडायला निघालेला माणूस तो, आणि त्या दुपारी हात भिंतीला टेकवून असा उभा होता जणू मला तोच धरून आहे.

काच अभंग राहिली.

अर्ज गेला, मंजूर झाला, आणि माझ्या अंगाखांद्यावर बांबूंचा सांगाडा चढला. कुजलेल्या तुळईला लोखंडी टोक बसवलं. नवं छप्पर, नवी पन्हळ, नवे नळ. खिडक्या मात्र जशा होत्या त्याच मापाच्या. लहान करू द्यायला धाकटी तयार झाली नाही. आराखडा आठ घरांचा होता. सात यादीतल्या माणसांना, आणि दुसऱ्या मजल्यावरचं आठवं धाकटीसाठी. म्हातारपणी गावोगाव फिरणं थांबलं की ती तिथे राहणार होती. तशी सवलत बाईंनी नियमात शोधून काढली होती.

काम निम्म्यावर आलं आणि अग्निशमन विभागाचा माणूस आला. त्यानं मजले मोजले, जिना मोजला आणि मान हलवली. सात-आठ कुटुंबं राहणार तर एक जिना चालणार नाही, दुसरा हवा. तो नसेल तर सरकारी पैशाचा पुढचा हप्ताही नाही. दुसऱ्या जिन्यासाठी जागा एकाच बाजूला निघत होती, धाकटीच्या घरातून.

थोरला दोन दिवस नकाशावर पट्टी ठेवून बसला. जिना इकडे सरकवून बघितला, तिकडे सरकवून बघितला. तिसऱ्या दिवशी धाकटी आली, तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या स्वयंपाकघराच्या मधोमध जिना काढला.

"तू कुठे राहशील मग?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडे. खोली रिकामी आहे ना एक? रिकाम्या जागा ठेवायच्या नसतात, बाईंना कळलं तर कुलूप तपासायला येतील."

मुदत दोनदा हुकायची वेळ आली. एकदा दारं उशिरा आली, एकदा रंगारी आजारी पडला. कुलूपवाल्या बाईंनी स्वतःच्याच ऑफिसात रांगेत उभं राहून दीड महिन्याची वाढ मिळवली. आणि एका सकाळी माझ्या दारावरची लाल पाटी निघाली. खिळ्यांची भोकं रंगाऱ्यानं नीट बुजवली. सात घरं, आणि अर्ज त्रेचाळीस कुटुंबांचे. ते मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्यासारख्या आणखी सहाजणी गल्लीत नुसत्या उभ्या आहेत की.

आलेल्या सगळ्यांविषयी सांगत नाही, नाहीतर बटणं निवडणाऱ्या बायकांत आणि माझ्यात फरक काय राहिला? दुसऱ्या मजल्यावरच्या दोघांविषयी सांगते. मुलगी हॉस्पिटलात परिचारिका, कायम रात्रपाळीला. वडील बंदरावर क्रेन चालवायचे, आता निवृत्त. आई नाही. चार वर्षं दोघं एका खोलीत राहत होती, कॉटएवढ्याच खोलीत म्हणा. सकाळी आठला मुलगी कामावरून आली की वडील चपला घालून बाहेर पडायचे, म्हणजे तिला झोपता यावं. बस स्टँडवर जाऊन बसायचे. पेपर वाचायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांना गाड्यांच्या वेळा सांगायचे, दोनला परत यायचे. चार वर्षांत एकदाही त्यांनी बस पकडली नव्हती.

घर बघायला आले तेव्हा ते आधी खिडकीशी गेले. उंचीची सवय असलेला माणूस. खाली बघितलं, लांब बघितलं. "उजेड चांगला आहे," म्हणाले.

"बाबा, ही तुमची खोली," मुलगी म्हणाली.

"आणि तुझी?"

"ती पलीकडची."

"मध्ये भिंत आहे?"

"आहे."

त्यांनी बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं. "जाड आहे," म्हणाले, आणि पुन्हा एकदा टकटक करून बघितलं.

राहायला आले तरी त्यांचं आठला बाहेर पडणं चालूच राहिलं. पहिला आठवडा, दुसरा आठवडा. जिन्यात थोरला भेटायचा. पन्हळ दर आठवड्याला आपल्या देखत साफ झाली पाहिजे असा त्याचा दंडक आहे. तो विचारायचा, "कुठे निघालात?" "स्टँडवर," ते म्हणायचे, नोकरीवर निघालेल्या माणसासारखे.

आज सकाळी मुलगी कामावरून आली, तेव्हा ते चपला घालून दाराशीच उभे होते.

"बाबा, कुठे?"

"स्टँडवर."

"कशाला?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला. मला दिसत होतं. "तू झोपणार ना आता."

"झोपणार. माझ्या खोलीत."

ती आत गेली, दार लोटून घेतलं. ते तसेच उभे राहिले. मग वाकून त्यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही भिंतीशी जुळवून ठेवल्या. खुर्ची खिडकीपाशी ओढणार होते, पण पाय घासले तर आवाज होईल म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून नेली. आता तिथेच बसलेत, पेपर वाचत. पान उलटतात तेही जपून.

मला जे मिळालं ते दैवानं नाही मिळालं. एका बाईनं विचारलं, एका म्हाताऱ्यानं कान लावून ऐकलं, दोन भावंडं एका कागदावर सही करायला तयार झाली, आणि सरकारनं दिलेला शब्द पाळला. एवढंच लागतं. तुमच्या वाटेवरही माझी एखादी बहीण असेल, तुम्ही रोज जिच्या समोरच्या फुटपाथवरून जाता ती. तिची कीव करू नका, आम्हाला कीव नको. तिच्या मालकाला गाठा, नगरपालिकेत जाऊन तिचं नाव लिहून द्या. भिंती तिच्याकडे आहेत, छप्पर दुरुस्त होतं. माणसं तेवढी तुम्ही द्या.

बोलण्यासारखं अजून पुष्कळ आहे. पण दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा आत्ताच कुठे डोळा लागलाय, म्हणून मी गप्प बसते. तुम्हीही जिना उतरताना जरा हळू उतरा.